प्रदर्शनातलं एकच खरं गिऱ्हाईक

चुका सगळ्यांच्याच हातून होतात हो, पण माझ्या हातून जी झाली तिला चूक म्हणणं म्हणजे तिचा अपमान आहे. चहाचा दुसरा कप घ्या, मग सांगते. सुरुवातीला हसलात तरी चालेल. मीसुद्धा सुरुवातीला हसतेच.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी धारवाडात शाळेत भूगोल शिकवत होते आणि उरलेल्या वेळात फोटो काढत होते. आमच्या ह्यांना विचाराल तर ते उलटं सांगतील. न्हाणीघर ही माझी डार्करूम. खिडकीला काळं कापड, बादलीत फोटो पोहतायत, आणि बाहेर हे खांद्यावर टॉवेल टाकून उभे. "अगं, आज आंघोळ आहे की नाही?" मी आतून ओरडायची, "दार उघडाल तर सगळं रीळ जाईल!" बिचारे कितीदा तरी नुसते हातपाय धुऊन कचेरीत गेलेत.

गावात आमचं एक छायाचित्र मंडळ होतं. वकील, मास्तर, बँकवाले, आणि बायकांत मी एकटी. त्या वर्षी ठरलं, मोठा उत्सव करायचा. सभासदांचे फोटो लावायचे, विकायचे, आणि येतील ते पैसे निराधार मुलांच्या वसतिगृहाला छपरासाठी द्यायचे. हिरेमठ सर सेक्रेटरी. त्यांनी सुभाष रोडवरून लाल टिकल्यांचं पाकीट आणलं. फोटो विकला गेला की चौकटीच्या कोपऱ्यात एक टिकली लावायची.

काम पुण्याचं, पण ती टिकली भारी वाईट! पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत निम्म्या भिंतीला टिकल्या लागल्या, आणि माझा फोटो आपला भुंड्या कपाळानं लटकतोय.

तुम्ही म्हणाल, काय रसिक लोक धारवाडचे! अहो कसले रसिक? हिरेमठ सरांचा सूर्यास्त त्यांच्या सासऱ्यांनी घेतला. वकीलसाहेबांचं मांजर त्यांच्या पक्षकारानं. बँकवाल्यांचा धबधबा त्यांच्या साडूनं. प्रत्येकानं आपापला माणूस आणला होता, आणि सगळे एकमेकांना "अभिनंदन, अभिनंदन" म्हणत चुरमुऱ्यांचं गिरमिट खात होते. एकटी मीच शहाणी, खऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत उभी!

माझा फोटो होता अळणावरच्या बाजारात काढलेला. विशीची एक पोर फणसांच्या ढिगामागं बसलेली. तोंडावर पदर घ्यायला गेली, पण त्याआधीच हसू फुटलेलं. त्याला मी नाव दिलं होतं 'उन्मेष'. हे म्हणाले, "अगं, नुसतं 'हसणारी पोर' असं लिही की, लोकांना कळेल तरी." पण ऐकेल ती मी कसली!

तर त्या संध्याकाळी मी सरळ भाऊजींना गाठलं. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, वसंतराव. हुबळीला रेल्वेत कारकून, केशवापूरला घर, आणि अंगात नाटकाचं वेड. वेड मोठं, पण कामं मिळायची ती शिपायाची नाहीतर प्रेताची. एकदा तर प्रेत असताना शिंकले होते.

"भाऊजी, उद्या या. माझा फोटो विकत घ्या. पैसे मीच देते. घ्यायचा आणि गुपचूप निघून जायचं."

"गुपचूप?" त्यांचा चेहराच पडला. "वहिनी, गुपचूप घेतलेलं कोण बघणार? सीन उभा राहायला नको? गर्दीत एखादा आपला माणूस पेरायचा. त्यानं मागायचं, मी नाही म्हणायचं. फोटोचा भाव कसा चढतो बघा!"

"काय करायचं ते करा," मी म्हटलं, "पण टिकली लागली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी आले, आणि मी स्वतःच्या दिराला ओळखलं नाही! काळा कोट, टोपी, हातात काठी, आणि नाकाखाली ही एवढी मिशी. दारातूनच मोठ्यानं म्हणाले, "हुबळीहून आलोय. कापसाचा व्यापारी. इथं म्हणे एक अप्रतिम चित्र आहे!" सगळा हॉल वळला. मी खाली मान घालून साडीचा पदर नीट करत बसले. हसू दाबायला काहीतरी करायला हवं होतं ना!

माझा फोटो घेतला, टिकली लागली. आता जावं की नाही माणसानं? छे! भाऊजी फोटोसमोर उभं राहून लोकांना भाषण द्यायला लागले. प्रकाश म्हणाले, छाया म्हणाले. दहा-बारा माणसं जमली.

आणि तेवढ्यात एक म्हातारा आला.

धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. वहाणा त्यानं देवळात काढाव्यात तशा बाहेर काढल्या होत्या. इकडं तिकडं न बघता तो सरळ माझ्या फोटोपाशी आला, बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

मी मनात म्हटलं, अगं बाई! हाच तो, भाऊजींनी पेरलेला. काय माणूस शोधून आणलाय! घोंगडीला धुरकट वाससुद्धा खरा.

तो माझ्याकडं आला. "अक्का, ह्यो फोटू तुमी काडलाय न्हवं? मला पायजे."

मीही तयारीतच. "क्षमा करा हं बाबा. विकला गेलाय. ती टिकली बघा की."

"कुनी घेतला?"

मी हात लांब करून भाऊजींकडं दाखवलं. एखाद्या राणीसारखं!

म्हातारा त्यांच्यापुढं जाऊन हात जोडून उभा राहिला. "शेट, मला द्या की. पैसं आनल्यात मी."

"अशक्य!" भाऊजींनी काठी आपटली. "हे चित्र माझ्या दिवाणखान्यात लागणार."

"शेट, ती माजी लेक हाय. तानी. गेल्या पावसाळ्यात तापानं गेली. घरात तिचा एकबी फोटू न्हाई. तिची आई म्हनती, मला पोरीचं तोंड इसराय लागलंय. रोज रडती ओ."

मला वाटलं, काय संवाद लिहिलेत! भाऊजींना तर आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं काम मिळालेलं. त्यांनी छाती फुगवली आणि म्हणाले, "बाबा, आता ती तुमची एकट्याची राहिली नाही. आता ती साऱ्या जगाची लेक झाली!"

टाळ्या पडल्या हो. खरंच पडल्या.

म्हातारा होता तिथंच खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. कुणी पाणी आणलं. हिरेमठ सर "इरलि बिड्री अज्जा, इरलि बिड्री" म्हणत, जाऊ दे जाऊ दे म्हणत, त्याची पाठ थोपटायला लागले. मला मात्र काळजी लागली. एवढं रडणं म्हणजे अतीच, लोकांना संशय येईल. मी वाकले, आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाले, "छान चाललंय, पण रडणं जरा कमी करा. चारचौघांत बरं दिसत नाही."

त्यानं वर बघितलं. पटक्याच्या शेवटानं डोळे पुसले.

"व्हय अक्का," तो म्हणाला. "चुकलं माजं."

उठला, वहाणा घातल्या आणि गेला.

मी आणि भाऊजी मागच्या व्हरांड्यात भेटलो. भाऊजी खुशीत. "वहिनी, मानलं तुम्हाला! म्हातारा कुठून धरून आणलात?"

"मी? अहो, तुमच्या नाटक कंपनीतला ना तो?"

"आमच्या कंपनीत कुठला आलाय असा नट? मला वाटलं, मी काल म्हटलं म्हणून तुम्हीच…"

भाऊजींची मिशी एका बाजूनं सुटली होती, ती तशीच लोंबत होती. आत कुणीतरी हसत होतं.

आत जाऊन हिरेमठ सरांना विचारलं. ते म्हणाले, "अळणावरच्या बाजूच्या खेड्यातला आहे. त्यांच्या गावचे मास्तर काल प्रदर्शन बघून गेले, त्यांनी सांगितलं म्हणून आला. दारात विचारत होता, हसणारी पोरगी कुठं लावलीय म्हणून." मी खिळ्यावरून फोटो उतरवला. सर म्हणाले, उत्सव संपेपर्यंत काढायचा नाही, नियम आहे. मग माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, "तगोंड होग्री, न्या, न्या."

अळणावरची गाडी सुटायच्या आत त्याला गाठायला आम्ही रिक्षा करून स्टेशनवर गेलो. वाटेत भाऊजी एकसारखं म्हणत होते, "वहिनी, मी काय बोललो हो? साऱ्या जगाची लेक? कुठल्या तोंडानं बोललो?" मी त्यांना काय सांगणार? माझं तोंड कुठं धड होतं!

तो फलाटाच्या टोकाला बसला होता, घोंगडी अंगाभोवती घेऊन. आम्हाला बघून गडबडीनं उभा राहिला. भाऊजींनी मिशीला हात घातला, सगळं खरं सांगून टाकायचं म्हणून. पण तोच आधी बोलला.

"शेट, तुमी कशाला आलासा? मला राग न्हाई. हितं बसून इचार केला. हुबळीचा एवडा मोटा मानूस माज्या तानीच्या फोटूसाटी हटून बसला. जिता असताना तिला कुनी इचारलं न्हाई ओ, बाजारात फनस इकत बसायची. आता बंगल्यात लागंल. घरी गेल्यावर तिच्या आईला हेच सांगनार. तिला बरं वाटंल."

भाऊजींचा हात मिशीवरून खाली आला. जन्मभर शिपाई आणि प्रेत केलेला माणूस, पण त्या फलाटावर त्यांनी जे केलं ते मी कुठल्या नाटकात बघितलं नाही. अगदी शांतपणे म्हणाले, "बाबा, मी आमच्या हिला फोन केला होता. ती म्हणाली, पोर आईपाशीच शोभते. देऊन या."

म्हाताऱ्यानं फोटो दोन्ही हातांनी घेतला. काचेवरून बोट फिरवलं. मग एकदम म्हणाला, "आनि तुमच्या भिंतीला?"

"त्यांना मी दुसरा काढून देते की," मी म्हणाले. "त्यात काय! निगेटिव्ह माझ्याकडं आहे." हे बोलताना माझं मलाच कळलं, की मघाशी हे एक वाक्य बोलले असते तर संपलं होतं. पण मघाशी तो मला नट वाटत होता.

"दुसरा काडता येतो? तानीचा?"

"येतो की. पाहिजे तेवढे काढता येतात."

त्याचा चेहरा असा उजळला, काय सांगू! "मग अक्का, मला आनखी एक द्या काडून. हसताना नको. नुसती बसलेली. सांजच्याला चुलीम्होरं गप बसायची बगा, तशी. तिच्या आईला ती तशीच आटवती."

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? भूगोल शिकवणारी बाई मी, पृथ्वी गोल कशी ते सांगू शकते. म्हटलं, "बाबा, कॅमेऱ्यानं त्या घडीला जे बघितलं, तेवढंच निघतं. चुलीपुढची नाही काढता येत."

त्यानं मान हलवली. गाडीची घंटा झाली. तो म्हणाला, "मग त्या दिशी बाजारात आनखी काडलं असतील की तुमी. येवडं लांबनं आलावता. येकादा गप बसलेला असंल त्यात."

"बघते," मी म्हणाले. "घरी गेल्याबरोबर बघते. असेल तर स्वतः आणून देते."

मग मीच चाचरत म्हटलं, "मघाशी मी जे बोलले ना बाबा, रडू नका म्हणून…"

"न्हाई अक्का, बरोबर हाय तुमचं. चारचौघांत रडू न्हाई." आणि फोटो घोंगडीत गुंडाळून तो गाडीत चढला.

घरी आले. चपला न काढता कपाट उघडलं आणि ते रीळ काढून खिडकीच्या उजेडात धरलं. भाऊजी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. मिशी एव्हाना खिशात गेली होती.

पहिल्या चौकोनात तानी, हसणारी. कॅमेरा नीट चालतोय का, हे बघायला म्हणून मी तिच्यावर तो एक फोटो घालवला होता. आणि पुढं? पुढं बैलगाडीचं चाक. मोडकं चाक, उजवीकडून. चाक, डावीकडून. चाक, खाली झोपून. चाकातून दिसणारं आभाळ. सगळं रीळ चाक! तानी दिवसभर चार हातांवर बसली होती, हसत असेल, गप बसत असेल, जेवत असेल, आणि मी तिच्याकडं पाठ करून कला करत होते.

मी मोठी प्रत काढली, त्याच हसणाऱ्या तानीची, आणि त्यांच्या गावच्या मास्तरांकरवी पाठवली. गप बसलेली नाही, हे कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

चाकाचे मात्र भरपूर आहेत. हवाय का कुणाला?