नाक इथं असतं

"नाक इथं असतं," असं म्हणून तो स्वतःच्या टाळूवर थाप मारायचा. टोपी खाली पडायची. ती उचलून झटकायचा आणि म्हणायचा, "मासा नव्हे तो."

बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावजवळ खडी फोडायचं काम निघालं, तिथला हा मुकादम. रत्नागिरीकडचा, आधी मच्छीमार होडीवर होता. समुद्र सोडून आमच्या कोरड्या मुलखात कशाला आला, ते मी विचारलं नाही. मला असल्या चौकशा जमत नाहीत.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कुठलाही विषय काढा, गडी आपल्याच गोष्टीवर येतो. ह्याची गोष्ट डॉल्फिनची. त्यांच्याकडं गादा म्हणतात. दुपारी आम्ही कामावर मिळणारी सुकडी खात बसलो की हा सुरू. ते कळपानं राहतात. शिट्ट्या मारून एकमेकांना हाका घालतात. नाक टाळूवर, हवा घ्यायला वर येतात. झोपले तरी अर्धा मेंदू जागा ठेवतात, नाहीतर श्वास घ्यायचा राहून जाईल. आणि पिल्लाला दूध पाजतात.

"दूध?" आमच्यातली एक म्हातारी म्हणाली. "मंग खरवस बी करत असाल की, मुकादम!"

"आजी, तुम्ही समुद्र बघितलाय का कधी?"

"आवंदा तर हिरीत बी पानी बघितलं न्हाई!"

सगळे हसले, तोही हसला. माझी बायको हसायची नाही. दिवस भरत आले होते, तरी हातोडा चालू. तिनं विचारलं, "पिल्लू पान्यात जलमतं, मंग पयला श्वास कसा घेतं वो?"

"आई वर ढकलते. कधी दुसऱ्या माद्याही मदतीला येतात."

ती कामावरच बाळंत झाली, लुगड्याच्या आडोशाला. पोरगा झाला. त्या म्हातारीनं पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. पोर रडलंच नाही.

तान्ह्याला पुरायला आमच्यात वेळ लावत नाहीत. पण बायको सोडेना. मी पोराला हात घातला. ओढलंसुद्धा, खोटं कशाला सांगू.

मुकादमानं माझं मनगट धरलं. "थांब. धरू दे तिला."

"मेलंय ते."

"तिला ठाऊक आहे. गाद्याची मादीसुद्धा मेलेलं पिल्लू दिवसच्या दिवस चोचीवर घेऊन हिंडते. बाकीचे तिच्या बाजूनं पोहत राहतात. मी बघितलंय."

त्यानं काम थांबवलं. ती लिंबाखाली बसली. म्हातारी तिच्याजवळ जाऊन बसली, मग एकेक करून बाकीच्या बाया. ऊन कलल्यावर तिनंच पोर माझ्याकडं दिलं. "घ्या आता," म्हणाली.

पुढं पाऊस झाला, काम बंद पडलं, मुकादम निघून गेला. कुठं, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी आभार मानले नव्हते.

गेल्या महिन्यात बायको गेली. मी तिचा हात धरून बसलो होतो. पुतण्या म्हणाला, "तात्या, पाव्हणे खोळंबलेत. सोडा आता."

"थांब," मी म्हणालो. "धरू दे."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग शेजारी बसला.

ऊन कललं तेव्हा मीच हात सोडला.