लाल मोटारीनं संगमाला

आमची ही गेली त्याच्या आदल्या सांजेला आम्ही दोघांनी मिळून बाज आवळली.

बाज आवळायला दोन माणसं लागतात. एकानं सुंभ ओढायचा, दुसऱ्यानं तो पायानं दाबून धरायचा. ओढायला मी होतो. दाबून धरायला आणि तोंड चालवायला ही.

"वढा की जरा!"

"वढतूयच की!"

"ह्याला वढणं म्हंत्यात व्हय? जल्मभर बैलं हाकली, आन् एक दोरी आवरंना!"

शेवटी ती बाजेवर आडवी झाली, या कुशीवरून त्या कुशीवर वळून बघितलं आणि निकाल दिला, "अजून ढिलीच हाय." मग झोपली. सकाळी उठलीच नाही. वैद्य म्हणाला, काळीज थांबलं. मी म्हणालो, "नीट बघा, सोंग करत असंल." (तिला तशी सवय होती.) वैद्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मग मी खाली बसलो.

गिरजा तिचं नाव. तिचं माहेर कुडलच्या संगमाजवळ, जिथं सीना भीमेला मिळते तिथं. तिनं एकच मागणं हयातभर लावून धरलं होतं, "मेल्यावर तरी मला संगमावर सोडा. जित्तेपणी तर तुमी माह्यारी चार दिस सुखानं ऱ्हाऊ दिलं न्हाय." हे खरं आहे. ती माहेरी राहिल्यावर भाकरी कोण थापणार होतं? पण संगमावर सोडीन, असा शब्द मी दिला होता. घाईगडबडीत दिला होता, पण दिला होता.

अस्थी सावडल्या, नव्या मडक्यात भरल्या, वर पांढरं फडकं बांधलं आणि मडकं दारासमोरच्या लिंबाला टांगलं. अस्थी घरात आणायच्या नसतात, आणि पाण्यात सोडेपर्यंत मडकं भुईला टेकवायचं नसतं. आमच्यात ही रीत कडक. मी रोज त्या लिंबाखाली बसायचो. आज जाऊ, उद्या जाऊ, असं चाललं होतं. पाऊस हस्ताचा, सर्विस मोटार बंद. माझी बैलगाडी म्हणाल तर ती याच मोटारींनी खाल्ली. सोलापूरच्या पेठेतला माल लॉऱ्यांनी जायला लागला, तशी मी बैलं विकली आणि मोटारीचं नाव काढलं की थुंकायला लागलो.

शेवटी लेक सुंदरा चिडली. "बा, दहावा परवावर आला! आईला किती दिस झाडावर ठिवणार? ती काय घार हाय?"

तेवढ्यात जावई पुढं झाले. मल्हारराव आमचे जावई. एका शेटच्या मोटारीवर ड्रायव्हर होते.

"मामा, शेटची लाल मोटार हाय की. दोन घटकंत संगमावर नेतो."

"शेटला इचारलं का?"

"शेट म्हमईला गेल्यात. गाडी आठवड्याला एकदा फिरवून आना म्हनले हुते."

"संगमापतुर?"

"किती लांब ते बोलले न्हाईत."

ही लाल मोटार म्हणजे कसलं जनावर ते सांगतो. वर टप नाही, मागं बाकडं नाही, बसायला जागा फक्त दोघांना. पुढचं नाक एवढं लांब की ते संगमाला पोचलं तरी आपण अजून वाटेतल्या मंद्रूपलाच! आणि मागं काहीच नाही. माणसाचा कमरेखालचा भाग आखडावा तशी ती मागं आखडलेली. शर्यतीची मोटार म्हणे. सोलापुरात शर्यत कोणाशी लावायची, ते शेटलाच माहीत.

मी मडकं मांडीवर घेऊन बसलो. दोन्ही हातांनी कवळ घातली. (लग्नानंतर बायकोला अशी चारचौघांत कवळ घातली नव्हती. गल्लीतल्या बाया बघत होत्या.)

"मामा, घट्ट धरा बरं का."

"मोटारीला का मडक्याला?"

"दोन्हीला."

"हात दोनच हाईत, जावईबापू!"

गाव सुटलं आणि मोटार पळायला लागली. पळायला म्हणजे काय! रस्त्यावरची कुत्री भुंकायला तोंड उघडायची, तोवर आम्ही पुढच्या कुत्र्यापाशी. माझा फेटा उडाला. जावई हसले. मी डोळे मिटून घेतले आणि मनात म्हणालो, गिरजा, बघ, तुझ्या माहेरासाठी काय काय करतोय मी!

मंद्रूप मागं पडलं आणि खडीचा रस्ता संपला. पुढं काळी माती. आमच्याकडची काळी माती भिजली की ती माती राहत नाही, लोण्याचा गोळा होतो. चालणारा माणूस पायाला दोन-दोन शेर चिखल घेऊन चालतो. तिच्यावर ही मोटार आली, आणि तिचं मागचं बूड एकदम डावीकडं सरकलं. नाक रस्त्यावर, बूड शेताकडं. खेकड्यागत चालली!

मी ओरडणार तेवढ्यात जावयांनी हातातलं चाक फिरवलं. कुठं? डावीकडं! रस्त्याकडेच्या खड्ड्याकडंच!

"अवो, तिकडं कुटं? खड्ड्यात घालताय व्हय!"

पण मोटार वळवळली, शेपूट हलवलं आणि सरळ झाली.

"मामा, शेपूट जिकडं पळतं, तिकडंच तोंड वळवायचं."

"हे कुटलं शास्त्र? बैल खड्ड्याकडं वढाय लागला तर कासरा दुसरीकडं वढायचा असतू!"

"बैल पुढं असत्यात मामा. हिचा जोर मागच्या चाकांस्नी हाय."

"म्हंजी बैलं मागं जुंपल्यात? आन् कासरा पुढं?"

"तसंच समजा."

"आन् ही गाडी शानी मानसं इकत घेत्यात?"

मी मनात ठरवून टाकलं की जावयाचं चुकतंय. आजवर चिखलातनं गाड्या मी काढल्या. ही कालची पोरं शेटच्या घरी चहा पिऊन पिऊन मला कासरा शिकवणार!

पुढं ओढा आला. ओढ्यावर पुलाऐवजी नुसती फरशी होती, तिच्या कडेवरून गढूळ पाणी धावत होतं, आणि फरशीकडं रस्ता उतरत होता. उतारावर काळी माती आणि मातीवर मेंढरांच्या खुरांचं कालवण. एक धनगर मेंढरं घेऊन कडेला उभा होता. मोटार उताराला लागली आणि बूड परत सुटलं. या वेळी उजवीकडं. उजवीकडं ओढा!

जावयांनी चाक ओढ्याकडं फिरवायला घेतलं. आणि मला राहवलं नाही. मी मडक्यावरचा एक हात काढला, चाक धरलं आणि सगळा जोर लावून उलट्या बाजूला ओढलं. वर बैलाला घालावी तशी आरोळीही ठोकली, "होऽऽ रं राजाऽऽ!"

राजा थांबला नाही. राजा फिरला!

पहिल्या फेऱ्यात मला मंद्रूप दिसलं. मग ओढा. मग धनगर, तोंडाचा आ केलेला. मग परत मंद्रूप. मग परत धनगर, पहिल्यापेक्षा मोठा आ केलेला. जावई "मामा सोडा! मामा सोडा!" ओरडत होते. मला वाटलं मडकं सोडा म्हणतात, म्हणून मी चाक आणखी घट्ट धरलं. मोटार बुडाकडनं काठच्या बाभळीत घुसली आणि ठाण्‌दिशी थांबली.

मी खाली बघितलं. मांडी मोकळी!

मान वर केली तर मडकं अजून हवेत होतं. शपथेवर सांगतो. सावकाश, काही घाई नसल्यासारखं चाललं होतं. मग ओढ्याच्या मध्यावर धप्‌कन पडलं. बुडालं. आणि फडक्यासकट वर आलं!

धनगर धावत आला. "पावनं, तुमचं दही गेलं की वो!"

"दही न्हाय रं! बायकू हाय माजी!"

धनगर जागच्या जागी खिळला. एकदा मडक्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "बायकू? मडक्यात?"

"मेलीया ती!"

"आत्ता?"

त्याला समजावत बसायला वेळ नव्हता. मडकं पाण्यावर गिरक्या घेत निघालं होतं. मी काठानं पळायला लागलो. या वयात, अनवाणी (एक जोडा चिखलानं ठेवून घेतला, दुसरा मीच काढून फेकला), धोतर गुडघ्यावर धरून. मागं जावई, त्यांच्या मागं काठी उगारून धनगर, आणि त्याच्या मागं सगळी मेंढरं, कारण धनगर पळाला की मेंढरं पळतात.

"थांब की! अगं थांब! गिरजाऽऽ!"

ती कसली थांबते! जन्मभर माझ्यामागं चार पावलं चाललेली बाई, आज पुढं निघाली होती आणि मागं वळून बघत नव्हती. धनगरानं काठीचा आकडा टाकला, मडकं हातभर बाजूला सरकलं. जावई कमरेएवढ्या पाण्यात उतरले, तर ते त्यांच्या काखेखालनं गेलं. मी उतरलो आणि बसलोच. पाणी नाकातोंडात गेलं. बाहेर तोंड काढलं तेव्हा वळणावर फडकं पांढरं दिसलं. मडकं तिरकं झालं, पाणी आत घेतलं, आणि गेलं.

मी बाहेर येऊन काठावर बसलो. तिनं एकच मागितलं होतं. माझ्या हातानं संगमावर सोडायचं होतं मला तिला, आणि मी तिला वाटेत ओढ्यात फेकून दिलं. हातानं सोडणं सोडा, मी त्या वेळी तिच्यावरचा हात काढून चाक धरलं होतं.

धनगर माझ्याशेजारी चिखलात बसला. म्हणाला, "पावनं, कुटं न्यायची हुती?"

"संगमाला. कुडलच्या."

"मग रडताय कशापायी? ह्यो वढा सीनंत जातू. सीना संगमालाच जाती." मग बाभळीत रुतलेल्या लाल मोटारीकडं बघून म्हणाला, "आन् ही मोटार काय आज जात न्हाय."

जावई हसले. मी त्यांच्याकडं रागानं बघितलं आणि मग मीच हसलो. हसताना नाकातनं ओढ्याचं पाणी आलं. मग काय आलं ते सांगत नाही.

मोटार धनगराच्या गावच्या बैलांनी ओढून काढली. (बैलांनी! मी त्यांच्या पाठी थोपटल्या.) मागचा पत्रा कागदागत चुरगळला होता. दिवेलागणीला घरी आलो. सुंदरानं विचारलं, "सोडली का आईला नीट?" जावई पायाचा चिखल खरवडायला लागले. मी म्हणालो, "ती पोचली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच शेटच्या बंगल्यावर गेलो. शेट पहाटेच्या गाडीनं आले होते आणि सदऱ्याच्या बाह्या वर करून मोटारीच्या बुडाभोवती फिरत होते. जावयांची नोकरी जाऊ नये म्हणून मी आधीच हात जोडून सांगून टाकलं, "शेट, ड्रायवरचा काय बी दोष न्हाय. चाक मी वढलं."

शेट फिरायचे थांबले. "तुम्ही? अहो बाबा, आत होतं तरी कोण कोण?"

"मी, जावई, आन् आमची मालकीण."

"तिघं? या एवढ्याशा गाडीत? बाईंना लागलं-बिगलं नाही ना?"

"न्हाय जी. ती पोचली बी. आमीच दोघं वाटंत ऱ्हायलो."

शेटचा जीव भांड्यात पडला. भले माणूस, पत्रा विसरून हसायला लागले. "मग बाबा, पुढच्या वेळी स्टेरिंग बाईंच्याच हातात द्या!"

मी म्हणालो, "त्यांच्याच हातात हुतं जी, जल्मभर. काल एकदाच मी धरलं!"