नारिंगी बैलाच्या पोटातला नंबर

आयरीन टॅकेटच्या स्वयंपाकघरात भिंतीवर वायरीचा जुना फोन आहे. तो काढून टाकण्यावरून तिचं आणि तिच्या मुलाचं, ग्रेगचं, दर शनिवारी वाजतं.

"आई, या फोनवर फक्त भामटे बोलतात."

"बोलू देत. तुझ्यापेक्षा जास्त वेळ तरी बोलतात."

ग्रेगला खरं कारण ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो जास्त चिडायचा. हॅमट्रॅमिक गावातल्या या घराचा नंबर कितीतरी मोटारींच्या इंजिनांत, आतल्या बाजूला लिहिलेला होता. लिहिणारी त्याची आईच.

एकोणिसाव्या वर्षी आयरीन इंजिनच्या कारखान्यात लागली. तेव्हा तिथे ते भलंमोठं नारिंगी इंजिन बनायचं. कामगार त्याला बैल म्हणत, कारण सुरू झालं की शेजारच्या टेबलावरचे कॉफीचे कप चालू लागत. आयरीनचं काम वरचं झाकण बसवायचं आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या खडूची रेघ ओढायची, म्हणजे पुढच्याला कळे की हे झालं. दिवसभर हातात खडू आणि समोर उघडं इंजिन! कुणाचा हात शिवशिवणार नाही? लाइनवरचे सगळेच आत काहीबाही लिहीत. कुणी लेकीचं नाव, कुणी फोरमनला शिवी. झाकण बसलं की कुणाला पत्ता नाही. आयरीनने एकदा घरचा फोन नंबर लिहिला, आणि मग तिला चटकच लागली.

"अगं बये," शेजारच्या जागेवरची व्हर्लीन म्हणाली, "इंजिन फुटल्याशिवाय तुझं लग्न व्हायचं नाही!"

झालंही तसंच. केंटकीहून कामासाठी आलेला फ्लॉइड टॅकेट पगार झाला की वुडवर्ड रस्त्यावर शर्यती लावायचा. एका शुक्रवारी त्याने आपला बैल फोडला, दुरुस्तीला उघडला, आणि आतला नंबर फिरवला. फोन उचलला आयरीनच्या वडिलांनी.

"इंजिनाबद्दल बोलायचं होतं," फ्लॉइड म्हणाला.

वडील तिला पोलिश वळणाने इरेना म्हणत. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "इरेना! काय ढिलं ठेवलंस?"

नोकरी गेली, असं समजून आयरीन फोनपाशी आली.

"बाई, इंजिन झकास होतं. मीच वाट लावली त्याची," पलीकडून आवाज आला. "येत्या शुक्रवारी तळलेले मासे खायला याल का?"

मासे खाऊन झाले, लग्न झालं, आणि फ्लॉइड याच घरात घरजावई होऊन सासऱ्याचे टोमणे खात मजेत राहिला. तो जाऊन आता तीन वर्षं झाली. घरात फोन वाजतो तेव्हा अजूनही आयरीन हातातलं काम टाकून धावते, आणि मग कुणीतरी तिला विमा विकायला लागतं.

अशात बातमी आली की कंपनी तेच इंजिन पुन्हा काढतेय. फक्त दोनशे, हौशी लोकांसाठी. पहिल्या इंजिनाच्या समारंभाला जुन्या कामगारांना बोलावणं आलं. आयरीनने झाकण बसवायचं, बोल्ट आवळायचे, फोटो काढायचा, बस्स.

"मी नंबर लिहिणार," आयरीनने व्हर्लीनला सांगितलं.

"या वयात? नवरा हवाय?"

"नवरा नको गं. पण कुणीतरी त्या नंबरावर फोन करावा, इंजिनाबद्दल. एकदाच."

व्हर्लीनने तिच्याकडे पाहिलं आणि चेष्टा आवरती घेतली.

कारखाना आता दवाखान्यासारखा लख्ख झाला होता. केटरमन नावाचे साहेब पांढरे हातमोजे घालून इंजिनाला चिकटून उभे. खडू काढायची सोय नाही. तेव्हा व्हर्लीनने आपली काठी आयरीनच्या हातात कोंबली, केटरमनसाहेबांची कंबर धरली आणि म्हणाली, "साहेब, पहिला बैल निघाला तेव्हा आम्ही नाचलो होतो. चला!" साहेब लाजून लाल झाले, पण गिरकी झक्क घेतली. सगळे कॅमेरे तिकडे वळले. आयरीनने नंबर लिहिला, झाकण बसवलं, बोल्टांवर रेघा ओढल्या.

मग धापा टाकत केटरमनसाहेबांनी जाहीर केलं, "हे पहिलं इंजिन विकायचं नाही. ते आपल्या प्रदर्शनाच्या दालनात काचेत राहील, कायमचं!"

टाळ्या पडल्या. आयरीनला रडू फुटलं. लोकांना वाटलं आनंदाने.

घरी येताना ती म्हणाली, "काचेतलं इंजिन ना कधी फुटणार, ना कुणी उघडणार." पुढच्या शनिवारी आयरीनने ग्रेगला आपणहून सांगितलं, "काढ बाबा तो फोन."

ग्रेगने स्क्रू ढिले केले आणि फोन वाजला. भिंतीवरून लटकणाऱ्या फोनवर ग्रेग कसाबसा बोलला, मग आईकडे वळून ओरडला, "कुणीतरी इंजिनाबद्दल विचारतोय! काय करून ठेवलंस तू तिथे?"

आयरीनने आधी केस सारखे केले, मग फोन घेतला.

"बाई, मी ऑरविल. कारखान्याच्या यंत्रशाळेतून बोलतोय, ओव्हरटाइमला आलोय," एक म्हातारा आवाज म्हणाला. "काचेतून आतलं दिसावं म्हणून इंजिन अर्धं कापायला सांगितलंय. झाकण काढलं, तर माझी करवत बरोबर तुमच्या नंबरातून जाते. कापू?"

"खबरदार!"

"मग दुसऱ्या बाजूने कापतो. पण येणारा-जाणारा प्रत्येक जण नंबर वाचेल हं."

आयरीन इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. हसता हसताच तिने विचारलं, "ऑरविल, तुम्हाला मासे चालतात?"

फोन ठेवून ती म्हणाली, "ग्रेग, स्क्रू आवळ."

त्याने ते आवळले. आयरीनने पर्समधला पिवळा खडू काढला आणि दोन्ही स्क्रूंवर एकेक रेघ ओढली.