सुंदरबाईंची तगरीची फुलं

वाशीमात एकशे आठ तीर्थं आहेत, असं जुनी माणसं सांगतात. रतनसिंगच्या ऑटोत बसलं की ती तीन तासांत उरकतात. जी सापडत नाहीत, ती तो बोट दाखवून भागवतो. "हे तीर्थ आता या दुकानाखाली हाय, काका. इथूनच हात जोडा." परगावचे भाविक मग मोबाइलच्या दुकानाला मनोभावे नमस्कार करतात.

एवढ्या जगाला देव दाखवणारा हा पुण्यवान माणूस स्वतःच्या आईच्या बाबतीत मात्र फार कामात असे. सुंदरबाई किन्हीराजाहून त्याच्याकडे राहायला आल्याला चार वर्षं झाली होती. गुडघे पुरते जायच्या आत एकदा बालाजीचं दर्शन व्हावं, एवढंच तिचं मागणं. मंदिर घरापासून ऑटोने दहा मिनिटांवर.

"उद्या नेतो, माय. आज गाडी फुल हाय," रतनसिंग रोज म्हणे.

मग ती अंगणातलं तगरीचं एक फूल त्याच्या हातावर ठेवी. "माह्या नावानं वाहून दे बालाजीले."

संध्याकाळी तो सांगे, "वाहलं, माय." ती तिथूनच हात जोडी.

गेल्या सोमवारी दुपारी रतनसिंग जेवून घोरत पडला, म्हणून सुंदरबाई ऑटो झाडायला गेली. मागच्या सीटखाली, फडकी ठेवायच्या डब्यात, तिला तिची फुलं सापडली. खालच्यांचा भुगा झालेला, वरचं त्याच सकाळचं. लेकाने ती रस्त्यावर फेकली नव्हती, एवढे संस्कार त्याच्यावर झाले होते. सुंदरबाईला रडू आलं. तिने डबा होता तसा ठेवला.

दुसऱ्या दिवशी रतनसिंग सहा भाविक घेऊन बालाजीच्या मंदिराशी आला, तर आई पायरीवर बसलेली.

"माय, तू इथं कशी? तुहे तं पाय दुखते ना?"

"सेवालालच्या ऑटोनं आली." सेवालाल म्हणजे स्टँडवरचा रतनसिंगचा जुना वैरी. "त्याच्या गाडीत जागा होती."

"मले सांगतलं असतं तं मी नसतं आनलं?"

सुंदरबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"दर्शन मस्त झालं," ती म्हणाली. "एक फूल तुह्या नावानंही वाहलं. देवापुढं ठेवूनच आली, बापा."

तेवढ्यात मागून एका भाविकाने विचारलं, "दादा, हे कितवं तीर्थ?"

रतनसिंगला आकडा आठवेना.