पत्त्यावर न सापडलेली मनकर्णाबाई

माझ्या खाणावळीत भाकऱ्या थापणारी मनकर्णाबाई कराचीत जन्मली. व्हय, पाकिस्तानातल्या! ऐकलं की लोकांचा घास हातातच राहतो. तिचे आजोबा इकडून तिकडं नोकरीला गेले, मध्येच देश फाटला आणि ही माणसं तिकडंच अडकली. पण तिची मराठी ऐका! नवरा वारल्यावर ती नगरला चुलतभावाकडं आली. व्हिसावर त्याच घराचा पत्ता पडला. शहर सोडायचं तर सरकारची परवानगी हवी.

भाऊ होता तोवर ठीक चाललं. तो गेला, त्यात सरहद्दीवर गोळीबार झाला, आणि भाच्याला घाम फुटला. "आत्या, पोलीस सारखे दारात येत्यात. पोरीचं लगीन जमवायचंय," म्हणाला आणि तिचं बोचकं ओट्यावर आणून ठेवलं. मेल्याला लाज कशी वाटली नाही!

खोल्यांसाठी मी तिच्याबरोबर हिंडले. मालकीण चहा पाजायची, गप्पा मारायची, मग आधारकार्ड मागायची. व्हिसाचा कागद दिसला की खोली "कालच दुसऱ्याला दिलेली" निघायची. माझ्याच खोलीत घ्यावं म्हटलं, तर माझा मालक म्हणाला, "मरियाबाई, तिला ठिवायचं असंल तर तुमीबी सामान बांधा." खाणावळीच्या गाळ्यात रात्री मुक्काम करू देत नाहीत. शेवटी ती देवळाच्या ओसरीत पथारी टाकू लागली. साठी उलटलेली बाई!

आणि खोली होती हो! तिच्या भाचीनं, रोहिणीनं, अकोले तालुक्यात, आपल्या सासरच्या अंगणात, आत्यासाठी खोली सारवून ठेवलेली. किल्लीसुद्धा पाठवली. मनकर्णाबाईनं ती पदराच्या टोकाला बांधली. तिकडं जायच्या परवानगीचा अर्ज भावाच्या घरी असतानाच दिला होता. रोज भाकरी थापता थापता विचारायची, "मरिया, आज काही कळलं?"

परवा अशा अर्जांची चौकशी करणारे हवालदार जेवायला आले. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. मीच विषय काढला.

"ती कराचीवाली व्हय? पत्त्यावर गेल्तो की. भाचा म्हनला, कुटं गेली म्हाईत न्हाई. बाई सापडत न्हाई, असं लिहून अर्ज बंद केला."

माझं डोकंच फिरलं. "अहो, जी सापडत नाही तिच्याच हातची भाकरी मोडताय तुम्ही!"

त्यांनी आत चुलीकडं पाहिलं. हात ताटातच राहिला. "नवा अर्ज करा," हळूच म्हणाले, "पन नगरातल्या राहत्या घराचा पत्ता लागंल."

"घर असतं तर देवळाच्या ओसरीत कशाला निजली असती ती?"

मनकर्णाबाईनं सगळं ऐकलं होतं. बाहेर आली, त्यांच्या ताटात गरम भाकरी वाढली. "जेवा साहेब, ताटावरून उठू नका."

मग पदराची गाठ सोडली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"रोहिणीला धाडून दे. म्हणावं, भाडेकरू बघ. सारवलेली खोली रिकामी ठेवू नये."