सिस्टरचा पेशंट

नालवाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या सिस्टरच्या घरात पाऊल टाकलं, की आधी एक बारीक, अखंड सूर कानावर येई. नवखा माणूस फ्रिजकडे बघायचा. सूर मात्र काचेच्या टाकीतल्या बोटभर माशाचा होता.

सिस्टर सेवाग्रामच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. मासा त्यांच्या मुलानं, प्रशांतनं आणलेला. दुकानात त्याला ‘ग्लास नाइफ’ म्हणतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. सुरीच्या पात्यासारखा चपटा आणि इतका पारदर्शक, की आतला काटा दिसावा. अंगातून तो सतत मंद वीज सोडतो आणि तिच्या आधारानं अंधारात वाट काढतो. प्रशांतनं पाण्यात दोन तारा सोडून त्या सेलवरच्या छोट्या स्पीकरला जोडल्या, आणि ती वीज ऐकू येऊ लागली. पुढे नागपूर रोडवरच्या अपघातात प्रशांत गेला. स्पीकर कोणी बंद केला नाही.

सिस्टरनी मासा वॉर्डातल्या रुग्णासारखा सांभाळला. पाण्यात थर्मामीटर, लपायला पाइपाचा तुकडा, आणि खाणं टाकण्याआधी कोपरापर्यंत धुतलेले हात.

“पेशंट कसा आहे?” मी विचारायची.

“जेवला. आता पाइपात आराम करून राह्यला,” हे त्या अगदी गंभीरपणे सांगत.

एकदा गल्लीतल्या एका बाईंनी सुचवलं, “आता धाम नदीत सोडून द्या न त्याले.”

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “तिथं त्याचं कोण हाय, वो?”

मागच्या मे महिन्यात वादळानं खांबावरच्या तारा तुटल्या, कूलर बंद पडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीज आली नाही. आम्ही चौकातून बर्फ आणून पिशव्यांत बांधून टाकीत सोडला. तरी पाणी तापत गेलं, आणि तापेल तसा सूर चढत गेला. सिस्टर काचेवर हात ठेवून बसल्या होत्या.

मग सूर थांबला.

“सेल गेले असतील,” मी म्हटलं.

“सेल कालच बदलले मी.”

त्यांनी मासा तळहातावर घेतला. “पाह्य न बाई, किती हलका हाय.”

अंगणातल्या कडुनिंबाखाली त्याला पुरलं आणि सिस्टर तिथंच मातीत बसल्या. प्रशांत गेल्यापासून त्यांच्या तोंडून त्याचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

“प्रशांतले लहानपणी पाण्याची खूप भीती वाटे,” त्या म्हणाल्या. “आंघोळ म्हटलं की पळून जाये.”

मग त्या बोलतच राहिल्या. सावली सरकून ऊन अंगावर आलं, तरी आमच्यातलं कोणी उठलं नाही.