तुरळक ठिकाणी

कडूबा गाडी भरायचा तशी दुसऱ्या कोणाला भरताना मी पाहिली नाही. मी भट्टीवर हमाल होतो, केदारखेड्याजवळ, पूर्णेच्या काठाला. चुनखडी भाजून कळीचा चुना काढायचा आणि गाड्यांत भरून द्यायचा, हे आमचं काम. कळीचा चुना दिसायला साधी ढेकळं. पाणी लागलं की विझतो म्हणतात, पण विझताना उकळतो, फुगतो, ढीग मोठा असेल तर खालचं लाकूडही पेटवतो. म्हणून त्याला गाडीवान नीट लागतो.

कडूबा आधी गाडीच्या फळ्यांवर कडबा अंथरायचा, त्यावर गोणपाट, मग ढेकळं. मोठी खाली, बारीक वर. हातानं लावायचा, फेकायचा नाही. वरून ताडपत्री ओढून दोर आवळायचा आणि गाठ मारल्यावर चाकाला पाय लावून पुन्हा ओढायचा. त्याची गाठ वाटेतल्या हिसक्यांनीही हलत नसे. त्याला जमीन नव्हती. गाडी आणि चांद्या-बाळ्याची बैलजोडी, यावर त्याचं आणि बायकोचं, उषाबाईचं, घर चालायचं.

पुंजाराम दुसरा गाडीवान. त्याच्या ताडपत्रीला भोकं होती. दोन गाठी मारायचा आणि बिडी पेटवून कडूबाची मजा बघत बसायचा.

"आत काय नवरी बसवून राह्यला का रे?"

"नवरी भिजली तर पेटत न्हाई," कडूबा म्हणायचा आणि दोर ओढत राहायचा.

पावसाळ्यात भट्टी बंद असायची. मृगाला आग विझली की दसऱ्यानंतर पेटायची. बापजाद्यांपासून तसंच होतं. शहात्तर साली मालक अप्पारावांनी ट्रान्झिस्टर आणला आणि भट्टीजवळच्या लिंबाला खिळा ठोकून टांगला.

"आता आपण पावसाच्या मर्जीनं बसायचं न्हाई," ते म्हणाले. "हवामान कोरडं म्हणला की गाड्या काढायच्या. पाऊस म्हणला की झाकून ठेवायचं. बिलकुल सोपं हाय."

तसंच चाललं. रेडिओ फारसा चुकायचा नाही, हे सांगायला हवं. आषाढ गेला, श्रावण गेला, एक गाडी भिजली नाही. पोटाला मिळत होतं, म्हणून आम्हीही खूश होतो.

भादव्यात नदीपलीकडे, भोकरदनच्या रस्त्याला, एका व्यापाऱ्याच्या गोदामाचं बांधकाम चाललं होतं. त्याला चुना हवा होता. संध्याकाळी आम्ही लिंबाखाली उभे राहून बातम्या ऐकल्या. मराठवाड्यात हवामान सर्वसाधारणपणे कोरडं राहील, तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे.

"मालक, तुरळक म्हंजे कुठं?" कडूबानं विचारलं.

"म्हंजे इथं न्हाई," अप्पाराव म्हणाले.

सगळे हसले. कडूबाही हसला.

सकाळी त्यानं नेहमीसारखी गाडी भरली. उतरवून घ्यायला मी बरोबर जाणार होतो. फळ्यांमधल्या फटी बघून मी म्हटलं, "खाली एखादा पत्रा टाकतो का?"

"पाऊस खालून पडत असता तर टाकला असता," तो म्हणाला.

आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. उतारावर, गाड्या नदी ओलांडायच्या तिथं, घोट्याइतकं पाणी. गाडी पाण्यात उतरली. मी मागून चाकाला हात लावून चालत होतो. मधल्या रेतीत आलो तेव्हा पाणी लाल झालं. मग कडब्याच्या काड्या वाहत आल्या, मग एक सबंध पेंढी. वर अजिंठ्याच्या डोंगरात रात्रभर पाऊस झाला होता. आमच्याकडे थेंब नव्हता.

"कडूबा, मागं फिरव!"

"भरली गाडी रेतीत फिरती का? तू जोर लाव, जल्दी!"

मी खांदा लावला. बैलही जीव तोडून ओढत होते. पाणी गुडघ्याला आलं, आसाला आलं, मग फळ्यांना लागलं. गाडीच्या पोटात तव्यावर पाणी पडावं तसा आवाज झाला. ताडपत्रीच्या कडांमधून वाफ निघाली.

माल ढकलून दिला असता तर गाडी हलकी झाली असती. कडूबानं गाठ सोडायला हात घातला. त्याचीच गाठ. सुटली नाही. आतला चुना फुगत होता आणि दोर आणखी ताणत होता. त्यानं गाठीचा नाद सोडला आणि बैलांकडे गेला. चांद्याच्या गळ्याचा दोर काढला. चांद्या उडी मारून मागच्या काठाला लागला. बाळ्याचा दोर भिजून बसला होता. कडूबा जुवावर छाती टाकून तो दातांनी सोडवत होता, तेव्हा ताडपत्री फाटली आणि उकळता चुना पुढं त्याच्या तोंडावर उडाला.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. हातांनाही चुनाच होता.

मी त्याला कमरेला धरून भट्टीकडच्या काठाला ओढून आणलं. मागं गाडी कलंडली. बाळ्या तिच्याखाली गेला. मी कडूबाच्या डोळ्यांवर ओंजळीनं पाणी मारत राहिलो, पण ते गढूळ पाणी आणि डोळ्यांतला चुना, काय धुणार? डॉक्टर पलीकडे भोकरदनला आणि मधे नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. दिवसभर ऊन लख्ख होतं. कडूबा सावलीत पडून विचारत होता, "उतरलं का पाणी?" रात्री उतरलं. सकाळी आम्ही त्याला बाजेवर टाकून नेलं. डॉक्टरांनी पापण्या उघडून बघितल्या आणि उषाबाईला बाहेर बोलावून सांगितलं.

परत आलो तर अप्पाराव काठावर उभे होते. गाडीखालचा चुना बराच वाहून गेला होता; राहिला तो रेतीच्या खळग्यात दह्यासारखा बसला होता, बाळ्याच्या अंगाभोवती. त्यांनी काठीनं ढवळून बघितला.

"चांगला विझलाय. विझवायची मजुरी वाचली. वरचा वरचा भरा."

आम्ही वरचा वरचा भरला.

कडूबाचे दोन्ही डोळे पांढरे झाले. एका बैलाची जोडी होत नाही आणि गाडीही राहिली नव्हती. अप्पारावांनी चांद्या घेतला आणि चुना मळायच्या घाणीला लावला. गोल चरात दगडी चाक फिरतं, बैल ते ओढत दिवसभर फिरतो. त्याच्या डोळ्यांना झापड बांधतात. उषाबाई कडूबाचा हात धरून मालकाकडे आली.

"चांद्यामागं यालाच लावा. गोल तर फिरायचंय. घरी बसून कोण घालणार खायला?"

अप्पारावांनी अर्ध्या रोजावर ठेवला. पुंजाराम म्हणाला, "बराबर जमलं. दोघांला बी झापड."

कडूबा पूर्ण काम करायचा. चुना चिमटीत घेऊन कण लागतो का बघायचा आणि लागला तर चांद्याला आणखी फिरवायचा. कोणी सांगितलेलं नसायचं. संध्याकाळी रेडिओ लागला की चाक थांबवायचा. हवामान कोरडं म्हटलं की विचारायचा, "कुठं?" पुढं पुढं पोरंसोरं घाणीजवळून जाताना ओरडायला लागली, "कडूबा, उद्या कोरडं!" आणि त्याच्या आधी आपणच "कुठं?" म्हणून पळायची.

दोन वर्षांनी, पुन्हा भादव्यात, पलीकडे चुना पाठवायचा होता. रेडिओनं तेच वाक्य सांगितलं, शब्दाला शब्द. सकाळी पुंजाराम गाडी भरून निघाला तेव्हा कडूबा घाणी सोडून चाचपडत वाटेत आला आणि बैलांच्या शिंगांना हात लावून उभा राहिला.

"वर डोंगरात पडला का ते कोणाला तरी विचार. मंग जा."

"कोणाला विचारू? डोंगराला?"

"उतारावर घटकाभर थांब. पाण्याचा रंग बघ. न्हाईतर खाली पत्रा टाक, मी धरू लागतो."

अप्पाराव भट्टीवरून ओरडले, "कडूबा, घाणी बंद का हाय?"

"मालक, तुरळक म्हणला त्यो."

"आरं, मागल्या खेपी बी म्हणलाच होता. तुझं नशीब फुटकं, त्याला रेडिओ काय करील? हो बाजूला."

मी जाऊन त्याला धरून बाजूला केलं. गाडी अडली तर आमचाही रोज अडत होता.

पुंजारामनं भोकाची ताडपत्री टाकली होती, तीही एका अंगानं उघडी. गाठी दोनच. कडबा अंथरला नव्हता. ढेकळं फावड्यानं फेकली होती. जाताना तो गाडीवर बसून गात होता.

कडूबानं दिवसभर घाणी फिरवली, पण नदीकडच्या बाजूला आला की चांद्याला थांबवायचा आणि कान लावायचा. अप्पारावांनी त्यासाठी दोनदा शिवी दिली.

ऊन उतरताना रिकामी गाडी खडखडत आली. कडूबा चाक सोडून पुढं आला.

"पुंजाराम, पाणी कुठवर लागलं?"

"चाकाच्या धावेला बी न्हाई. वाटेत झोपलो होतो मी."

भट्टीवरची माणसं हसली. मालकही हसले. कडूबा चाचपडत गाडीशी वाकला. मग त्यानं गाडीच्या फळीवर हात फिरवला, खालून, फटीफटीतून. फळ्या कोरड्या होत्या. त्यानं हात धोतराला पुसला आणि चांद्याकडे गेला.

"चल," तो म्हणाला.